विस्तव जपणारे हात

(मंडळाच्या मासिक व्याख्यानमालेत जून २०२५ मध्ये झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा संक्षेप केला आहे.)



या व्यासपीठावर एरवी प्राध्यापक, डॉक्टर, साहित्यिक बोलतात. मी त्यांतला कुणीच नाही. राज्य शासनाच्या एका खात्यात मी विद्युत उपयंत्री आहे. इथे इंदुरातच पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला आणि गेली चोवीस वर्षं सरकारी इमारतींचे जनरेटर, पंप, लिफ्ट आणि पॅनल सांभाळतो आहे. मंडळात मला तुम्ही ओळखता ते मांडवाचं वायरिंग करणारा म्हणून. तेव्हा आज माईकमागे उभा आहे तो शास्त्रज्ञ म्हणून नाही. वीज कुठून येते, किती येते आणि बंद पडली तर काय होतं, याची रोज काळजी करणारा माणूस म्हणून उभा आहे.

विषय कसा सुचला ते आधी सांगतो. २०२३ चा गणेशोत्सव आठवा. त्या वर्षी आपला देखावा चांद्रयान-३ चा होता. पुठ्ठ्याचं विक्रम लँडर आणि त्यातून उतरणारं प्रज्ञान. खरं विक्रम २३ ऑगस्टला चंद्रावर उतरलं होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिथे रात्र व्हायच्या आधी त्याला झोपवलं होतं. पुन्हा ऊन पडल्यावर, २२ सप्टेंबरला, म्हणजे ऐन उत्सवात, इस्रोने त्याला हाका मारायला सुरुवात केली. आरती झाली की आपल्यातलाच एक छोटा मुलगा माझ्याकडे यायचा, "काका, विक्रम उठला?" मी म्हणायचो, "आज नाही रे, उद्या बघू." असं चार-पाच दिवस चाललं. विसर्जनाच्या दिवशी त्याने विचारणं सोडलं. त्याचं ते न विचारणं माझ्या मनात राहिलं.

विक्रम का उठलं नाही? त्याचं काम चंद्राच्या एका दिवसाचं, म्हणजे आपल्या चौदा दिवसांचं होतं आणि ते त्याने चोख केलं. त्यात अपयश काही नाही. पण चंद्रावर रात्रही चौदा दिवसांची असते. तापमान शून्याखाली दीडशे अंशांच्याही खाली जातं. सौर पट्ट्या अंधारात निरुपयोगी. बॅटरी गारठते, सर्किटचे टाके तडकतात. रात्र काढायला पोटात ऊब लागते. ती विक्रमच्या पोटात नव्हती.

मग ज्यांनी अशी रात्र काढली त्यांनी काय केलं? रशियाची लुनोखोद-१ ही गाडी १९७० मध्ये चंद्रावर उतरली आणि दहा महिन्यांहून अधिक काळ चालली. रात्री ती झाकण मिटून बसायची आणि आतल्या पोलोनियम या किरणोत्सारी धातूची ऊब घ्यायची. चीनच्या चांग-अ-३ ने २०१३ पासून अशाच उबेवर रात्री काढल्या. त्यात प्लुटोनियम होतं. आज मी बोलणार आहे ते या उबेविषयी. ती येते कुठून, ती तयार कशी करतात, आणि ती तयार करणारे हात एकदा थांबले की काय होतं.

माझी आजी देवासजवळच्या एका खेड्यात राहायची. रात्री ती चूल विझवत नसे. दोन-चार निखारे राखेखाली झाकून ठेवायची. पहाटे राख बाजूला सारून फुंकर घातली की चूल पेटायची, काडीपेटीला हात लावावा लागत नसे. आणि एखाद्या दिवशी विस्तव विझलाच, तर शेजारणीकडून पळीत मागून आणावा लागायचा. त्याचा आजीला फार कमीपणा वाटायचा. हा विस्तव लक्षात ठेवा, आपल्याला पुढे त्याची गरज लागणार आहे.

आधी गरज समजून घेऊ. सूर्यापासून दूर गेलं की ऊन झपाट्याने कमी होतं. गुरूपाशी ते पृथ्वीवरच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढं उरतं, शनीपाशी साधारण नव्वदाव्या आणि प्लुटोपाशी हजाराव्या हिश्श्यापेक्षाही कमी. गुरूपाशी गेलेलं जुनो हे यान सौर पट्ट्यांवर चालतं, पण त्यासाठी त्याला प्रत्येकी सुमारे नऊ मीटर लांबीचे तीन पंख लावावे लागले आणि तिथे त्यातून जेमतेम पाचशे वॅट मिळाले. म्हणजे आपल्या मिक्सरपुरती वीज. शनीच्या पुढे हा उपाय जवळजवळ संपतो.

मंगळावर ऊन आहे, पण धूळही आहे. जून २०१८ मध्ये मंगळभर धुळीचं वादळ उठलं. ऑपॉर्च्युनिटी ही गाडी सौर पट्ट्यांवर चौदा वर्षं चालली होती, ती त्या वादळात गप्प झाली ती कायमची. त्याच वादळात त्याच ग्रहावर क्युरिऑसिटी ही दुसरी गाडी काम करत राहिली. तिला ऊन लागत नव्हतं. तिच्या पाठीशी राखेखालचा विस्तव होता.

त्या विस्तवाचं नाव प्लुटोनियम-२३८. प्लुटोनियम म्हटलं की बॉम्ब आठवतो, म्हणून फरक आधीच सांगतो. बॉम्बमधलं असतं प्लुटोनियम-२३९. मूलद्रव्य एकच, वजन वेगळं, स्वभाव अगदी वेगळा. किरणोत्सारी पदार्थाचं 'अर्धायुष्य' म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा काळ. तो जेवढा लवकर संपतो तेवढा तो गरम. पोलोनियम-२१० चं अर्धायुष्य १३८ दिवस. हा गवताचा जाळ, भडका मोठा, पण वर्षभरात विझला. प्लुटोनियम-२३९ चं २४,१०० वर्षं. हा टिकतो खूप, पण हात शेकायच्याही कामाचा नाही. प्लुटोनियम-२३८ चं अर्धायुष्य ८७.७ वर्षं. हा बाभळीचा निखारा. एका ग्रॅममागे साधारण अर्धा वॅट उष्णता देतो, आणि माणसाच्या आयुष्याएवढा काळ देत राहतो.

गंमत अशी की प्लुटोनियमची ओळख जगाला पहिल्यांदा झाली ती याच २३८ रूपात. १९४०-४१ च्या हिवाळ्यात अमेरिकेत बर्कलीला ग्लेन सीबॉर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरेनियमवर ड्यूटेरॉनचा मारा करून ते मिळवलं.

ही उष्णता येते कशी? त्याचा अणू फुटताना अल्फा कण बाहेर पडतो. तो इतका जड आणि आखूड धावेचा असतो की साधा कागदही त्याला अडवतो. त्यामुळे तो बाहेर न पळता त्याच पदार्थात अडकतो आणि सगळी ऊर्जा तिथेच उष्णता म्हणून सोडतो. म्हणून यानावर शिशाच्या जाड भिंती लागत नाहीत. या इंधनाची एक वडी १५० ग्रॅमची असते. आकाराने पावणेतीन सेंटीमीटर, म्हणजे मोठ्या सुपारीएवढी. तिच्यातून साठ वॅटच्या वर उष्णता निघते. जुना साठचा बल्ब आठवा, तेवढी, पण वायर नाही आणि स्विचही नाही. तिला आच्छादन घालून थोडा वेळ ठेवली आणि आच्छादन काढलं तर ती निखाऱ्यासारखी लाल दिसते. तिला कुणी तापवलेलं नसतं. ती स्वतःच तापलेली असते.

उष्णतेची वीज कशी करायची? १८२१ मध्ये सीबेक नावाच्या शास्त्रज्ञाला दिसलं की दोन वेगळे धातू जोडून एक सांधा गरम आणि दुसरा थंड ठेवला तर परिणाम विजेचा होतो. बॉयलरचं तापमान मोजायला आम्ही जो थर्मोकपल वापरतो, तो हाच. १९५४ मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या माउंड प्रयोगशाळेत केन जॉर्डन आणि जॉन बर्डन यांनी हेच थर्मोकपल किरणोत्सारी उष्णतेला जोडायची कल्पना काढली. जून १९६१ मध्ये ट्रान्झिट-४ए या उपग्रहावर असा पहिला जनरेटर आकाशात गेला. त्यातून वीज मिळायची २.७ वॅट. आज आपला रात्रीचा दिवा तेवढा असतो.

माझ्यासारख्या विजेच्या माणसाला याचा हिशेब आधी पटत नाही. क्युरिऑसिटीवर ४.८ किलो प्लुटोनियम ऑक्साइड आहे. त्यातून सुरुवातीला दोन हजार वॅट उष्णता निघाली आणि तिची वीज झाली सुमारे ११० वॅट. म्हणजे साडेपाच टक्के. आमचा डिझेल जनरेटर तीस-पस्तीस टक्के काढतो. पण आमच्या जनरेटरला तेल लागतं, फिल्टर लागतो, बेल्ट लागतो आणि तीन महिन्यांनी मेकॅनिक लागतो. इथे फिरणारा एकही भाग नाही. बेअरिंग नाही, ब्रश नाही. जिथे मेकॅनिक कधीच जाणार नाही, तिथे साडेपाच टक्के पुष्कळ झाले. आणि उरलेली उष्णताही अगदी वाया जात नाही. क्युरिऑसिटीत ती नळ्यांतून फिरवून गाडीच्या पोटातली उपकरणं उबदार ठेवतात.

आता मुख्य गोष्ट. हा विस्तव मिळवायचा कसा?

निसर्गात तो खाणीतून निघत नाही. अणुभट्टीच्या जळक्या इंधनात तो असतो, पण प्लुटोनियमच्या इतर भावंडांत असा मिसळलेला की रसायनाने वेगळा काढता येत नाही. म्हणून वळसा घ्यावा लागतो. त्या जळक्या इंधनातून आधी नेपच्यूनियम-२३७ नावाचं दुसरं मूलद्रव्य वेगळं काढतात. अमेरिकेत याचा जुना साठा आयडाहो राज्यात जपून ठेवला आहे. तिथून ते टेनेसी राज्यातल्या ओक रिज प्रयोगशाळेत येतं. तिथे नेपच्यूनियम ऑक्साइडची भुकटी ॲल्युमिनियमच्या भुकटीत मिसळून, दाबून, खडूच्या तुकड्यासारख्या लहान गोळ्या करतात आणि त्या ॲल्युमिनियमच्या नळीत भरून नळी बंद करतात.

या नळ्या अणुभट्टीत ठेवतात. नेपच्यूनियमचा अणू एक न्यूट्रॉन गिळतो, २३८ होतो, आणि साधारण दोन दिवसांत त्याचं रूपांतर प्लुटोनियम-२३८ मध्ये होतं. ऐकायला सोपं. पण जास्त वेळ ठेवलं तर तयार झालेलं २३८ आणखी एक न्यूट्रॉन गिळून २३९ होतं आणि बाकीचे अणू फुटून कचरा वाढतो. पोळी तव्यावर किती वेळ ठेवायची, तसंच हे. म्हणून एका फेरीत दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपासच नेपच्यूनियम बदलू देतात आणि उरलेलं पुन्हा काढून पुन्हा वापरतात.

भट्टीतून निघालेल्या नळ्या इतक्या प्रखर असतात की काही महिने त्यांना नुसतं निववावं लागतं. मग त्या जातात 'हॉट सेल'मध्ये. मीटरभराहून जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली, शिसं घातलेल्या जाड काचेची खिडकी. बाहेर तंत्रज्ञ उभा. तो हातातल्या मुठी हलवतो आणि आत यांत्रिक हात तशीच हालचाल करतात. त्या हातांनी ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळवायचं, उरलेलं नायट्रिक ॲसिडमध्ये, आणि मग एक-एक टप्प्याने प्लुटोनियम वेगळं करायचं. बाटलीचं बूच काढणं, नळी जोडणं, सांडलेलं पुसणं, सगळं काचेपलीकडून. हे काम पुस्तकातून येत नाही. हाताला वळण लागावं लागतं.

शेवटी हाती येते ऑक्साइडची भुकटी. ती जाते न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉसला. तिथे तिच्यातला ऑक्सिजनसुद्धा बदलतात. साध्या ऑक्सिजनमध्ये जड ऑक्सिजन थोडासा असतो, त्यावर अल्फा कण आदळला की नको ते न्यूट्रॉन निघतात. म्हणून हलका ऑक्सिजन-१६ भरतात. मग भुकटी तापवून दाबून तिची चिनीमातीसारखी कडक वडी करतात आणि इरिडियम या धातूच्या डबीत वेल्ड करतात. इरिडियम वितळायला २,४०० अंशांहून जास्त तापमान लागतं. अशा चार डब्या ग्राफाइटच्या ठोकळ्यात बसवतात. असे आठ ठोकळे म्हणजे क्युरिऑसिटीचा जनरेटर. तो शेवटी आयडाहोत जुळवून, तपासून फ्लोरिडाच्या प्रक्षेपण तळावर पोचवतात. म्हणजे चार राज्यांतून फिरून, कितीतरी हातांखालून गेल्यावर सुपारीएवढी वडी अवकाशात जाते.

आणि आता या कथेतला तो दिवस, जेव्हा चूल विझली.

अमेरिकेत हे प्लुटोनियम साउथ कॅरोलायनात सव्हाना रिव्हर इथे बनायचं. ते मुख्यतः शस्त्रांसाठीचं केंद्र, त्याच्या आडोशाने हेही व्हायचं. शीतयुद्ध ओसरलं, भट्ट्या जुन्या झाल्या आणि १९८८ मध्ये तिथली भट्टी थांबली. तेव्हा कुणाला फार वाटलं नाही, कारण कोठीत साठा होता. १९९२ पासून अमेरिकेने चक्क रशियाकडून हे इंधन विकत घ्यायला सुरुवात केली. म्हणजे शेजारणीकडून पळीत विस्तव मागणं. प्लुटोकडे गेलेल्या न्यू होरायझन्सचा जनरेटरही कॅसिनी मोहिमेसाठी बनवलेला आणि शिल्लक राहिलेला होता. २००९ मध्ये रशियाने करार पाळणं थांबवलं. शेजारणीने सांगितलं, आमच्याकडेही नाही.

मग धावपळ. पण भट्टी दुसरी, नळ्यांची रचना दुसरी, माणसं नवी. प्रत्येक टप्पा पुन्हा तपासत बसवावा लागला. डिसेंबर २०१५ मध्ये ओक रिजने जाहीर केलं की सत्तावीस वर्षांच्या खंडानंतर नवं प्लुटोनियम-२३८ तयार झालं. किती? ५० ग्रॅम. मुठीत मावेल एवढं. २०२३ मध्ये एका खेपेत अर्धा किलो लॉस अलामॉसला गेलं, ती नव्या सुरुवातीनंतरची सर्वांत मोठी खेप. उद्दिष्ट आहे २०२६ पर्यंत वर्षाला दीड किलोचं. आता तोंडी हिशेब करा. क्युरिऑसिटीसारख्या एका गाडीला ४.८ किलो, म्हणजे तीन वर्षांहून जास्त उत्पादन. शनीला गेलेल्या कॅसिनीवर सुमारे ३३ किलो होतं, म्हणजे बावीस वर्षांचं. शनीच्या टायटन या चंद्रावर उडणारं ड्रॅगनफ्लाय हे यान २०२८ मध्ये निघायचं आहे, तेही याच विस्तवावर. कुठली मोहीम करायची हे आता आधी कोठीत बघून ठरवावं लागतं.

मंडळी, हे वाचताना मला आमच्या खात्यातला एक प्रसंग आठवला. एक जुनी सरकारी इमारत होती. तिथल्या जनरेटरचं चेंजओव्हर पॅनल तीस वर्षांत दहा वेळा दुरुस्त झालेलं, आणि नकाशा पहिल्याच दिवसाचा. ते पॅनल फक्त एका माणसाला कळायचं. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. ते निवृत्त झाले. जागा भरली गेली नाही. सहा महिने काही बिघडलं नाही, म्हणून कागदावर कुणीतरी लिहिलं की या जागेची आवश्यकता दिसत नाही. मग एका पावसाळी रात्री लाइन गेली, जनरेटर चालू झाला आणि वीज काही पलीकडे जाईना. मी चार तास टॉर्च धरून त्या पॅनलसमोर बसलो होतो. माझ्याकडे डिप्लोमा होता, मीटर होता, नकाशाही होता. शेवटी रात्री दीड वाजता उस्तादांच्या घरी स्कूटर पाठवली. ते काठी टेकत आले, पॅनलच्या मागे हात घातला आणि एका जोडणीवर बोट ठेवून म्हणाले, "ही मीच बदलली होती. लिहायचं राहिलं." पाच मिनिटांत दिवे लागले.

त्या रात्री मी हरलो नव्हतो, आमची सगळी व्यवस्था हरली होती. कोठीतलं सामान दिसतं, त्याची यादी होते. हातातलं कसब यादीत येत नाही. ते नाही हे कळतं तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो. अमेरिकेसारख्या देशाला सत्तावीस वर्षांनंतर पन्नास ग्रॅमपासून सुरुवात करावी लागली, तर आपण कोण?

आता तुमच्या मनातला प्रश्न. हे धोक्याचं नाही का? आहे. प्लुटोनियमची बारीक धूळ श्वासातून फुप्फुसात गेली तर ती घातक आहे. एप्रिल १९६४ मध्ये एक अमेरिकन उपग्रह कक्षेत पोचला नाही आणि त्याचा जनरेटर हिंदी महासागरावर उंच हवेत जळून विखुरला. तेव्हाची रचना तशीच होती. त्यानंतर धोरणच बदललं. इंधन विखुरू द्यायचं नाही, काही झालं तरी अखंड खाली यायला हवं. कडक वडी, इरिडियमची डबी, ग्राफाइटचं कवच हे सगळं त्यातून आलं. १९६८ मध्ये निंबस उपग्रहाचं उड्डाण फसलं, तेव्हा जनरेटर कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रातून अखंड काढला आणि त्यातलं इंधन पुन्हा वापरलं. १९७० मध्ये अपोलो-१३ चा जनरेटर प्रशांत महासागरात टोंगाच्या खोल गर्तेत गेला. गळतीचा माग तिथे सापडला नाही.

पण या विषयाची एक खूण आपल्याही देशात आहे. १९६५ मध्ये चीनच्या क्षेपणास्त्र चाचण्यांवर नजर ठेवायला अमेरिकन आणि भारतीय गुप्तचर खात्यांनी नंदादेवी शिखरावर एक यंत्र बसवायचं ठरवलं. त्याला वीज द्यायला असाच प्लुटोनियमचा जनरेटर होता. भारतीय गिर्यारोहकांचे नेते होते कॅप्टन मनमोहनसिंग कोहली. हवा बिघडली, तेव्हा यंत्र शिखराखाली बांधून ठेवून मंडळी परतली. पुढच्या वर्षी जाऊन बघतात तर बर्फाच्या लोंढ्याने ते नेलेलं. ते आजवर सापडलेलं नाही. तिथलं पाणी ऋषिगंगेतून अलकनंदेला आणि पुढे गंगेला मिळतं. १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत हे मान्य केलं. म्हणजे हा विस्तव हाताळायचा तर तो कुठे ठेवला हे माहीत असण्याची शिस्त हवी. यंत्रापेक्षा ती शिस्त अवघड.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येतो. विक्रमच्या पोटात ऊब नव्हती, पण त्याला चंद्रापर्यंत पोचवणाऱ्या प्रोपल्शन मॉड्यूलमध्ये होती. मुंबईला तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेले दोन किरणोत्सारी हीटर त्यावर बसवलेले होते. प्रत्येकी एक वॅटचे. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अजित कुमार मोहंती यांनी २०२३ मध्ये हे सांगितलं. दोन वॅट म्हणजे काय, असं वाटेल. पण मघाशी सांगितलेला पहिला जनरेटर २.७ वॅटचाच होता. आजीचा निखाराही सुपारीएवढाच असायचा. आपल्या घरची चूल पेटली आहे, आता ती विझू द्यायची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरे पर्यायही शोधले जात आहेत. युरोपात अमेरिशियम-२४१ वर काम चालू आहे. त्याची ऊब प्लुटोनियमच्या पावपट, पण अर्धायुष्य ४३२ वर्षं आणि साठवलेल्या जुन्या प्लुटोनियममध्ये ते आपोआप तयार होतं. जुन्या पद्धतीच्या धूरसूचक यंत्रात याचाच कण असतो.

शेवटी एका म्हाताऱ्या जोडीविषयी सांगून थांबतो. व्हॉयेजर-१ आणि २ ही याने १९७७ मध्ये निघाली. माझा जन्म १९७८ चा, म्हणजे ती माझी थोरली भावंडं. निघताना प्रत्येकावर ४७० वॅटच्या आसपास वीज होती. अठ्ठेचाळीस वर्षांत नुसत्या क्षयाचा हिशेब केला तर अडुसष्ट टक्के उष्णता आजही शिल्लक आहे. पण थर्मोकपलही म्हातारे झाले, त्यामुळे वीज निम्म्याखाली आली आहे. दरवर्षी चार वॅट कमी होतात. व्हॉयेजर-१ इतकं दूर आहे की आपली हाक पोचायला तेवीस तास लागतात. आणि तिथल्या एकेका दिव्याचा निर्णय इथे बसून घ्यावा लागतो. आधी हीटर बंद केले, गारठ्यातही उपकरणं चालत राहिली. २०२३ मध्ये व्हॉयेजर-२ वर व्होल्टेज सांभाळणाऱ्या सर्किटसाठी राखलेली वीज काढून उपकरणांना दिली, म्हणजे घरातला स्टॅबिलायझर काढून पंखा चालू ठेवला. यंदा फेब्रुवारीत व्हॉयेजर-१ वरचं एक उपकरण बंद केलं आणि मार्चमध्ये व्हॉयेजर-२ वरचं एक. ज्यांनी १९७७ मध्ये त्या वड्या घडवल्या, त्यांतले कितीतरी आज हयात नसतील. त्यांच्या हातचा निखारा अजून गरम आहे.

माझी मुलगी यंदा दहावी झाली. मार्क चांगले आहेत. तिला पॉलिटेक्निकला जायचं आहे, इन्स्ट्रुमेंटेशन घ्यायचं आहे. घरातली, नात्यातली मंडळी म्हणतात, एवढे मार्क असून नुसता डिप्लोमा? वाईट हेतूने नाही म्हणत, मायेनेच म्हणतात. मीही आठवडाभर गप्प होतो. तिला मी या व्याख्यानाची टिपणं वाचायला दिली. तिने एकच विचारलं, "बाबा, त्या काचेपलीकडे मुठी हलवणारा माणूस काय शिकलेला असतो?" मी म्हणालो, "तुझ्या-माझ्यासारखंच काहीतरी, आणि मग वर्षानुवर्षं तेच काम." परवा आम्ही जाऊन फॉर्म भरून आलो.

आणि तो मुलगा आज इथे तिसऱ्या ओळीत बसला आहे. बाळ, विक्रम उठला नाही. पण पुढच्याला चंद्रावरची रात्र काढता यावी, यासाठी मुंबईत कुणीतरी निखारा राखेखाली झाकून ठेवला आहे. तो जपायला माणसं लागतील.

उत्सवाचं वायरिंग नेहमीप्रमाणे माझ्याकडेच आहे. या वर्षी शिकायला दोन मुलं सोबत द्या, एवढी अध्यक्षांना विनंती. नकाशा मी या वेळी नक्की लिहून ठेवीन.

गणपती बाप्पा मोरया!